माळ्यावरची हॅट नक्की किती जुनी? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न (राजारामपुरी): काका, आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत गवताची कडक हॅट सापडली. वरनं सपाट, कडा पण सपाट, काळी रिबीन. आत चामड्याच्या पट्टीवर सोनेरी अक्षरात लंडनच्या दुकानाचा पत्ता, त्यात 'एस. डब्ल्यू. १' आणि वर 'टू हिज मॅजेस्टी द किंग' असं छापलंय. घरात सगळे म्हणतात दीडशे वर्षं जुनी हाय. खरं का?

उत्तर: दीडशे नाही ओ, पण एवढं लेबल शाबूत राहिलंय म्हणजे तुमचं निम्मं काम झालंय. ही बोटर हॅट. आकारावरनं वर्ष काढायला जाऊ नका, कारण बोटर साधारण १८८० पासून १९३० च्या दशकापर्यंत जोरात चालली आणि इंग्लंडात हॅरो शाळेची पोरं अजून तसलीच हॅट घालतात. पट्टी वाचा. लंडनच्या पोस्टाच्या विभागांना नंबर मिळाले १९१७ साली, त्याआधी नुसतं 'एस. डब्ल्यू.' लिहायचे, म्हणजे तुमचा तो '१' आहे ना, तोच सांगतोय की हॅट १९१७ च्या आधीची नाही. आता 'किंग' बघा. व्हिक्टोरिया राणी १९०१ ला गेली, तिथनं १९५२ पर्यंत गादीवर राजेच होते, मग एलिझाबेथ आली (आता परत राजा आलाय, पण तुमची हॅट काय २०२२ नंतर ट्रंकेत पडलेली नाही!). म्हणजे १९१७ ते १९५२, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच बोटरची फॅशन उतरली होती म्हणून मी तरी १९२०-३० च्या आसपासची म्हणेन.

आजोबा फिल्म कंपनीत होते असं तुम्ही चिठ्ठीत खाली लिहिलंय, ते मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं. प्रभात १९२९ ला कोल्हापुरातच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, म्हणजे काळ जुळतो. चामड्याची पट्टी हळूच उलटून मागं बघा, नंबर किंवा कुणाचं नाव शाईनं लिहिलेलं असलं तर ड्रेपरीतली, म्हणजे कंपनीच्या कपडेपटातली असू शकते. नसलं तर आजोबांची हौस म्हणायची.

प्रश्न (कसबा बावडा): जुन्या सामानवाल्यानं पनामा हॅट दिली, म्हणाला शंभर वर्षांपूर्वी पनामात बनलेली. कसं ओळखू?

उत्तर: पनामात बनलेली म्हणाला तिथंच त्याला पकडायचं की! खरी पनामा हॅट इक्वेडोरची, टोकिया नावाच्या झाडाच्या पात्यांची, हातानं विणलेली, २०१२ ला युनेस्कोनं त्या विणकामाला वारशाच्या यादीत पण घेतलंय. नाव पडलं कारण माल पनामातनं पुढं जायचा, आणि १९०६ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट कालवा बघायला गेले तेव्हाचा त्यांचा हॅटवाला फोटो लई गाजला.

आता तुमची हॅट उजेडासमोर धरा. खरी असेल तर वीण डोक्याच्या मधोमध सुरू होऊन बाहेर पसरत गेलेली दिसेल, शिलाई कुठंच नाही. गोल गोल फिरणाऱ्या पट्ट्या एकमेकीला शिवलेल्या दिसल्या तर ती पनामा नाही, गवताच्या वेणीची हॅट आहे, बोटर पण तशीच शिवतात. कागदाच्या पण पनामा निघतात, दिसायला हुबेहूब. आतल्या बाजूचं एखादं सुटलेलं टोक ओल्या बोटानं चोळा, कागद असला तर पीळ सुटून लगदा होतो. रिबिनीचा एक धागा काढून जाळला आणि वितळून कडक गोळी झाली तर ती बहुतेक टेरिलीनसारखी सिंथेटिक, म्हणजे बहुधा १९५० च्या आधीची नाही. पण रिबीन नंतर कुणी बदललेली पण असते, म्हणून नुसत्या तेवढ्यावर सामानवाल्याशी भांडायला जाऊ नका.

प्रश्न (शाहूपुरी): आमची हॅट खाकी कापडाची, फाटलंय तिथं आत पांढरं थर्माकोलसारखं दिसतंय. हे कसलं गवत?

उत्तर: ताई, गवत नाहीच. ही सोला हॅट. पाणथळात वाढणाऱ्या शोला झाडाचा गर असतो तो, बंगाली नवरदेवाचा मुकुट पण त्याचाच करतात. आपल्याकडं माळ्यावर निघणाऱ्या निम्म्या 'स्ट्रॉ हॅट' ह्याच असतात. आत पत्ता असला तर बघा, सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ नंतरची.

प्रश्न (कळंबा): गवताची हॅट साबणाच्या पाण्यात धुतली तर चालेल का?

उत्तर: अजिबात नको! बोटर कडक राहते ती सरस नाहीतर लाखेमुळं, पाण्यात बुडवली की लोळागोळा होईल. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा. ठेवताना उलटी, डोक्याच्या बाजूवर ठेवा म्हणजे कडा वाकत नाहीत. आणि आपल्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली तर बुरशी ठरलेली, सुती पिशवी घ्या, आत कोरा कागद भरा, पेपर नको, शाई उतरते.