पहिल्या वर्षी हरीण राहू द्या, आधी खारीमागे जा

तुम्ही विचारलंय की पेनसिल्वेनियात एच-वन-बी व्हिसावर नोकरीला आहात, ओळखीचा शेतकरी कुणी नाही, तर सरकारी जमिनीवर हरणाची शिकार जमेल का. जमेल. इथल्या स्टेट गेम लँड्स, म्हणजे शिकारीसाठी खुल्या सरकारी जमिनी, १५ लाख एकरांहून जास्त आहेत. १९२० पासून गेम कमिशन, म्हणजे राज्याचं शिकार आणि वन्यजीव खातं, त्या विकत घेत आलंय. परवाना असला की कुणाचं दार ठोठवावं लागत नाही.

पण क्रम चुकवू नका. तुमच्यासारख्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याची मनाई आहे, आणि राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला अपवाद. म्हणजे आधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मगच बंदूक. तोवर मित्राची रायफल 'जरा बघू' म्हणूनसुद्धा हातात नको. परवाना संपला की अपवादही संपला, हे बरेच जण विसरतात. ग्रीन कार्ड प्रलंबित असेल तर वकिलाला एकदा विचारून घ्या.

मी पहिल्याच वर्षी हरणामागे लागलो होतो. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, बंदुकीच्या हंगामाची पहिली पहाट. पार्किंगपासून दोनशे पावलांवर झाडाला पाठ लावून बसलो. उजाडल्यावर अकरा नारिंगी टोप्या मोजल्या, म्हणजे अकरा शिकारी. हरीण एकही नाही.

म्हणून खार. घरी काय ऐकावं लागेल ते माहीत आहे, आमच्या आईने थेट रामाची बोटं काढली होती! इथली करडी खार बिनपट्ट्यांची, चांगली अर्धा किलोची. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, दिवसाला सहा मारता येतात, पॉइंट टू-टूची छोटी रायफल पुरते. खरा फायदा वेगळाच. खारी जिथे कुरतडत असतात तिथे ओक फळलेला असतो, आणि त्याच फळांवर हरणं येतात. लेंड्या, शिंगं घासून सोललेली खोडं, पायवाटा, सगळं तेव्हाच टिपून ठेवा.

मग पुढच्या वर्षी अंधारातच पार्किंगपासून लांब, लॉरेलच्या दाट झुडपांपलीकडे जाऊन बसा. उजाडताना माणसं आत शिरतात आणि हरणं त्या जाळीकडे सरकतात. कोकणातल्या पारधीत रान उठवायला हाकारे लागायचे. इथे ते काम बाकीचे शिकारी फुकटात करतात.

बिनशिंगाच्या हरणाचा परवाना वेगळा, विभागवार. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी कापड हवं. कुणाच्याही राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदूक चालवायची नाही. मारलेलं हरीण जागेवरून हलवण्याआधी त्याला टॅग, म्हणजे परवान्याची चिठ्ठी लावा, आणि दहा दिवसांत गेम कमिशनकडे नोंद करा. मांस विकता येत नाही, दान करता येतं. घरी आलात की गोचिडांसाठी अंग तपासा, लाइमचा आजार इथे फार आहे.

आणि मैलभर आत जाण्याआधी तेवढंच अंतर हरीण ओढून बाहेर आणायचंय याचा विचार करा, सोबतीला एकजण हवाच.

खारीला कांदा-लसूण मसाला छान लागतो. कुकरला मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या.