ओटा फोडण्याआधी कागदावर काय हवे?

प्रश्न : आमची सदनिका 30 वर्षांहून जुनी आहे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नव्याने करायचे आहे. दिवाळीपूर्वी काम संपावे म्हणून मिस्त्री उद्याच तोडफोड सुरू करायला तयार आहेत; बाकीचे ‘काम चालू असताना ठरवू’ असे ते म्हणतात. सुरुवात करावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कृपया उद्या सुरुवात करू नका. ओटा एकदा फुटला की घरातली चूल बंद पडते आणि मग त्या घाईत जो पर्याय समोर येईल तो स्वीकारावा लागतो.

सर्वप्रथम संस्थेची लेखी परवानगी घ्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर 3 वर्षांनी व्हावी लागते. तो अहवाल मागून वाचा. तुळई किंवा खांबाला छिन्नी लागणार असेल, तर संरचना अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खरी कसोटी न्हाणीघराची आहे. त्या काळातल्या इमारतींत बहुधा लोखंडी नळ असतात आणि ते आतून गंजतात; ते तसेच ठेवून वर महागडी फरशी बसवणे मला अजिबात पटत नाही. नळ बदलून त्यांची दाबचाचणी (दाबाने पाणी भरून गळती तपासणे), मग जलरोधक थर, त्यानंतर निदान 48 तास पाणी तुंबवून खालच्या घरातले छत कोरडे राहते का याची खात्री, आणि मगच फरशी, हा क्रम करारातच लिहून घ्या. त्या छताची छायाचित्रे काम सुरू होण्याआधीच शेजाऱ्यांसमक्ष काढून ठेवावीत, म्हणजे जुन्या ओलीवरून पुढे वाद होणार नाही.

स्वयंपाकघरात फ्रिज, मिक्सर आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या जागा भिंतीवर खडूने आखा, त्यानुसार विजेचे बिंदू ठरवा आणि ओट्याची उंची रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला तिथे उभे करूनच नक्की करा.

अंदाजपत्रकात मजुरी, साहित्य आणि राडारोडा उचलण्याचा खर्च वेगवेगळा मागा, पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि अनपेक्षित खर्चासाठी 10 ते 15 टक्के रक्कम राखून ठेवा, कारण जुनी भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही.

राहिली दिवाळी. सिमेंटच्या गिलाव्याला निदान 7 दिवस पाणी मारावे लागते, शिवाय दमट हवेत तो वाळायलाही वेळ घेतो. हे सारे बसत नसेल, तर आता फक्त न्हाणीघर उरकून घ्या आणि फराळ जुन्याच ओट्यावर होऊ द्या.