संगणक-शंका : वाय-फाय हॉलमध्ये चालते, आतल्या खोलीत नाही

(या सदरातील आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनल या आज्ञा देण्याच्या खिडकीत त्या इंग्रजी लहान अक्षरांत व इंग्रजी अंकांत टाइप कराव्यात.)

शंका : विंडोज फार मंदावल्यामुळे मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घेतले. बाकी सर्व सुरळीत आहे. मात्र हॉलमधील राउटरशेजारी बसलो तरच वाय-फाय चालते, आतल्या खोलीत गेलो की नेटवर्कचे नावसुद्धा यादीतून नाहीसे होते. त्याच खोलीत माझ्या फोनला सिग्नल भरपूर मिळतो आणि विंडोज असताना याच लॅपटॉपला ही अडचण कधी आली नव्हती. बर्डीवरील एका दुकानात कार्ड जळाल्याचे सांगून नवे बसवायला सुचवले, तर मित्र म्हणतो की लिनक्स नव्याने टाक. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ या आज्ञेने दाखवलेली माहिती सोबत जोडली आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये. जळालेले कार्ड राउटरशेजारीसुद्धा चालले नसते, आणि लिनक्स पुन्हा टाकले तरी तोच ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) त्याच पद्धतीने परत येईल. फोनला त्याच खोलीत सिग्नल मिळतो, हे आपण लिहिले ते फार चांगले केले. तसे नसते तर मी आधी कूलरची चौकशी केली असती. नागपुरात मार्चनंतर खिडकीखिडकीत बसणारा पत्र्याचा कूलर आणि त्याच्या टाकीतील पाणी ही दोन्ही रेडिओ लहरींना चांगलीच अडवतात, आणि शेजारच्या घरातून किंवा वरच्या मजल्यावरून खिडकीवाटे येणारे वाय-फाय उन्हाळ्यातच का बिघडते, याचे उत्तर अनेकदा तिथेच सापडते. आपल्याकडे मात्र दोष लॅपटॉपच्या आत आहे.

आपण पाठवलेल्या माहितीतील दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. पहिलीत कार्डाचा क्रमांक ‘१०ईसी:बी७२३’ असा दिसतो. त्याचा पूर्वार्ध रिअलटेक ही कंपनी दाखवतो आणि उत्तरार्ध आरटीएल ८७२३बीई ही चिप. दुसरीत ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या शब्दांपुढे ‘आरटीएल८७२३बीई’ असे लिहिलेले आहे. म्हणजे कर्नलला, अर्थात लिनक्सच्या गाभ्याला, कार्ड दिसते, त्याचा ड्रायव्हर जोडला गेला आहे आणि ज्या अर्थी राउटरजवळ इंटरनेट चालते, त्या अर्थी फर्मवेअरही (कार्डात भरली जाणारी आज्ञावली) चढले आहे. उरला तो अँटेना.

या चिपच्या कार्डावर बहुधा अँटेनाच्या तारेसाठी दोन बारीक सॉकेट असतात, पण चिपला काम करायला एकच अँटेना पुरतो, म्हणून काही लॅपटॉप-निर्मात्यांनी एकच तार जोडून दुसरे सॉकेट मोकळे सोडले. कोणत्या सॉकेटला तार आहे याची नोंद कार्डात नीट नसेल, तर लिनक्सचा ड्रायव्हर मोकळे सॉकेट निवडून बसतो. विंडोजमध्ये निर्मात्याने दिलेल्या ड्रायव्हरला योग्य बाजू ठाऊक असते, त्यामुळे तिथे हा घोळ दिसत नाही. तार नसलेल्या सॉकेटवरही हातभर अंतरावरचा राउटर ऐकू येतो, भिंतीपलीकडचा येत नाही. आपली तक्रार अगदी हीच आहे.

सुदैवाने बाजू बदलण्यासाठी ड्रायव्हरमध्ये ‘अँट_सेल’ नावाचा पर्याय दिलेला आहे. तो तपासताना अंदाजावर राहू नये, आकडा पाहावा. प्रथम ‘आयडब्ल्यू डेव्ह’ या आज्ञेने आपल्या वाय-फायचे नाव पाहून घ्यावे. ते ‘डब्ल्यूएलपी’ने सुरू होणारे असेल. मग जिथे नेटवर्क जेमतेम टिकते अशा एखाद्या जागी, समजा हॉलच्या दाराशी, लॅपटॉप ठेवून ‘आयडब्ल्यू डेव्ह’, त्यापुढे ते नाव आणि शेवटी ‘लिंक’ असे टाइप करावे. ‘सिग्नल’ या शब्दापुढे उणे चिन्हासह डीबीएम या सिग्नल मोजण्याच्या एककातील आकडा येईल. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉलसुद्धा निभावतो, आणि उणे ८० च्या खाली गेल्यावर भरवसा धरू नये. हे मोजमाप साध्या बेरीज-वजाबाकीचे नाही : दर १० डीबीला शक्ती दहापट बदलते, म्हणजे उणे ५० आणि उणे ८० यांत हजारपटींचा फरक असतो. आकडा सतत थोडाफार हलत राहतो, म्हणून तो चार-पाच वेळा पाहावा आणि तोवर स्क्रीनचा कोन बदलू नये, कारण अँटेना बहुतेक लॅपटॉपांत स्क्रीनच्या कडेनेच बसवलेला असतो.

आता जागेवरून न हलता ‘सुडो मॉडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई’ या आज्ञेने ड्रायव्हर उतरवावा आणि ‘सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२’ देऊन पुन्हा चढवावा. वाय-फाय जोडले गेले की आकडा परत पाहावा. तो वीस-तीसने सुधारला तर निदान पक्के झाले. न सुधारल्यास २ च्या जागी १ घालून पाहावे. जो आकडा लागू पडेल तो कायम करण्यासाठी ‘ईटीसी’मधील ‘मॉडप्रोब.डी’ या फोल्डरात ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या नावाची एक फाइल करून तीत ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२’ एवढी एकच ओळ लिहावी. इंटरनेटवर या ओळीला ‘आयपीएस=०’ आणि ‘एफडब्ल्यूएलपीएस=०’ अशी शेपटे जोडलेली आढळतील. ती वीजबचत बंद करण्यासाठी आहेत आणि वाय-फाय मधेमधे तुटत असेल तरच उपयोगी पडतात. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

दोन्ही आकडे निष्फळ ठरले तर तारच निसटलेली असण्याचा संभव आहे. मग दुकानात अवश्य जावे, पण कार्ड बदलायला नव्हे, तर मागचे झाकण उघडून अँटेनाची तार नीट बसवायला किंवा दुसऱ्या सॉकेटवर लावायला सांगावे. नवे कार्ड घेण्याची घाई नको याला आणखी एक कारण आहे : त्या काळातील काही लॅपटॉपांचे बायॉस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) कंपनीने मान्य केलेल्या कार्डांखेरीज दुसरे कार्ड स्वीकारतच नाही.

शंका : उबुंटू अपडेट केल्यापासून वाय-फायचे चिन्हच गेले. कार्ड ब्रॉडकॉमचे असून क्रमांक ‘१४ई४:४३६५’ आहे. घरी केबलचे इंटरनेट नाही, मग ड्रायव्हर डाउनलोड करायचा तरी कसा?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय) सुरू करावे, लिनक्स त्याला तारेचे नेटवर्क समजते आणि वेगळा ड्रायव्हर मागत नाही.

आपली चिप बीसीएम ४३१४२ आहे. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये येत नाही. ब्रॉडकॉमचा ‘डब्ल्यूएल’ हा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी लॅपटॉपवरच पुन्हा घडवावा लागतो आणि ते काम डीकेएमएस हा प्रोग्राम करतो. अपडेटमध्ये कर्नल नवे आले आणि त्याचे हेडर (या घडणीस लागणाऱ्या फाइली) आले नाहीत, तर ही घडण अडते. ‘डीकेएमएस स्टेटस’ या आज्ञेच्या उत्तरात चालू कर्नलचा क्रमांक नसेल तर हेच घडले आहे असे समजून हेडरचे पॅकेज टाकावे. तोवर काम अडू नये म्हणून सुरू होतानाच्या ग्रब मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुने कर्नल निवडता येते.

ड्रायव्हर घडला आहे, पण चढवताना ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असा संदेश येतो, असे असेल तर अडथळा सिक्युअर बूटचा, म्हणजे मान्य सही नसलेला ड्रायव्हर रोखणाऱ्या सुरक्षा-सोयीचा, आहे. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ हा पर्याय येतो. पुष्कळ जण घाईत तिथे ‘कंटिन्यू बूट’ दाबून पुढे जातात आणि ड्रायव्हरच्या सहीच्या किल्लीची नोंद राहून जाते. ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ ही आज्ञा दिल्यास पासवर्ड नव्याने ठरवायला सांगितला जाईल आणि रीस्टार्ट केल्यावर तोच पडदा पुन्हा मिळेल. या वेळी ‘एनरोल एमओके’ निवडून हा नवा पासवर्ड द्यावा.