चारबाग नको, एकच लांब हौद करा

ताई, १८ बाय ३० फुटांच्या परसात चार पाट, मधोमध तीन मजली कारंजं आणि कडेनं सरूची झाडं, असा तुमचा बेत वाचला. हौस अगदी समजते. पण एवढ्या जागेत चार पाट आणि त्यांच्या कडेच्या पायवाटा काढल्या की झाडांना उरतात चार चिंचोळे वाफे, आणि पाणी कुठूनच धड दिसत नाही. मुघलांच्या चारबागा, म्हणजे पाटांनी चार भागांत विभागलेल्या बागा, एकरांच्या हिशोबातल्या. तुमच्या जागेला शोभेल तो स्पेनमधल्या अलहम्ब्रा राजवाड्यातला मर्टलच्या झुडपांचा चौक. तिथे साधारण ३४ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद असा एकच हौद आहे. दोन्ही टोकांना जमिनीलगत छोटी कारंजी आहेत. त्यांचं पाणी इतकं हळू हौदात सरकतं की वर तरंग उठत नाही. म्हणूनच समोरचा बुरूज पाण्यात अख्खा दिसतो.

तुम्ही १६ फूट लांब, ५ फूट रुंद, दीड फूट खोल घ्या. हौदाचा मध्य दिवाणखान्याच्या दाराच्या मध्याशी जुळवा, कंपाउंडच्या भिंतीशी नाही, कारण प्लॉट बहुतेक वेळा तिरकाच असतो. सुतळी आणि चुन्यानं आखा, गुण्या लावून झाला तरी दोन्ही कर्ण टेपनं मोजा, ते सारखे यायला हवेत. खोदाईआधी नेहमीच्या खुर्चीत बसून पलीकडच्या टोकाला काय दिसतंय ते बघा; तेच पाण्यात उलटं दिसणार आहे. तिथे गिझरचा पाइप असेल तर आधी तो हलवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काठाची लेव्हल. वेड्यावाकड्या तळ्यात इंचभर फरक खपून जातो. सरळ काठाच्या हौदात पाणीच चुगली करतं: एका टोकाला काठाशी आलेलं, दुसऱ्या टोकाला अर्धा इंच खाली, आणि ते दारातून दिसतं. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यातले पाट दुरुस्त करून पुन्हा वाहते केले (ते काम २००३ मध्ये पुरं झालं), तेव्हा उतार ठेवला ४० मीटरला फक्त एक सेंटिमीटर. गवंड्याला हातभर स्पिरिट लेव्हलवर काम करू देऊ नका. लेव्हल ट्यूबमध्ये पाणी भरा, बुडबुडे नीट काढा आणि चारही कोपरे एकाच खुणेवर घ्या. काठाची फरशी बसवताना दर दोन फरश्यांनंतर पुन्हा तपासा. फरशी काठापासून दीड-दोन इंच पाण्यावर पुढे आलेली ठेवा, म्हणजे तिच्या सावलीत पाण्याची रेघ आणि पाइप दोन्ही लपतात.

काळी माती आहे म्हणालात, तिथे विटांचा हौद नकोच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बांधकाम फोडते. माती काढून मुरूम थराथरानं ठोकून भरा, वर आरसीसी. तळ आणि भिंत यांच्या सांध्यातच गळती होते, तिथे वॉटरप्रूफिंगमध्ये गोलाई द्या. आतून काळा रंग किंवा कडप्पा. निळ्या टाइल्स लावल्या तर तळ दिसतो, आकाश नाही.

भरल्यावर पातळी उतरली तर लगेच गळतीचा संशय घेऊ नका. हौदात ३,४०० लिटरच्या आसपास पाणी मावेल; मे महिन्यात रोज आठ-दहा मिलिमीटर, म्हणजे साठ-सत्तर लिटर नुसतं उडून जातं. काठाशी उन्हात भरलेली बादली ठेवा, दोन्हीकडे खुणा करा. बादलीपेक्षा हौद जास्त उतरला तरच गळती शोधायची.

कारंजं हवंच असेल तर एका टोकाला, हातभरही उंच नको. पाच फुटी हौदात उंच धार घेतली की वाऱ्यानं निम्मं पाणी फरशीवर. शिवाय कुमुदिनीला पानांवर सतत उडणारं पाणी सोसत नाही. दुसऱ्या टोकाला कुंडीतच दोन कुमुदिनी लावा, पानं एक तृतीयांशाहून जास्त पसरू देऊ नका. तिला पाच-सहा तास ऊन लागतं. पंपाच्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच, यात काटकसर नको.

नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं, तेव्हा काही आठवडे पाणी भरून, उपसून, बदलून मगच गप्पी मासे सोडा. डासांच्या अळ्यांना त्यांच्याइतका सोपा उपाय नाही. बऱ्याच गावांत हिवताप विभाग ते फुकट देतो.

आणि नातू दोन वर्षांचा आहे असं लिहिलंत. दीड फूट पाणीही त्याला जास्त आहे. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर त्याचं वजन पेलेल अशी स्टेनलेस स्टीलची जाळी काळ्या रंगात बसवा. काळ्या तळावर ती फारशी डोळ्यात भरत नाही, कुमुदिनीपुरते गाळे मोकळे ठेवता येतात. ते गाळे त्याचं पाऊल जाणार नाही इतके लहान हवेत.

एक खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते कळवा, मग स्लॅबची जाडी आणि सळई सांगतो.