चॉप्स, रोडगे आणि आजीचा फोन

चिनू,

"बाबा, डुकराच्या चॉप्सची पद्धत लिहून पाठवा," एवढंच विचारलं असतंस तर काल रात्रीच उत्तर आलं असतं. पण पुढे लिहिलंस, "आजीचा फोन आला की तुम्ही चिकन भाजतोय असं का सांगता? आपल्यात डुक्कर खात नाहीत, मग त्याला मोठ्या मायचं वाटण कसं चालतं?" ते जरा लागलं. म्हणून आधी चॉप्सचंच सांगतो.

बरगडीच्या हाडासकट, सव्वा ते दीड इंच जाड चॉप घे. अर्ध्या इंचाचे स्वस्त पडतात, पण वरून रंग धरेपर्यंत आतून चामडं होतात. पाकिटावर बारीक अक्षरात मिठाचं पाणी टोचल्याचं लिहिलंय का, ते बघ. असेल तर पुन्हा मुरवू नकोस, खारट होईल. नसेल तर 1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ नि लिंबाएवढा गूळ विरघळवून, पाणी गार झाल्यावर चॉप त्यात 2 तास फ्रिजमध्ये ठेव. मिठाने मांसातली प्रथिनं सैल पडतात आणि आचेवरही पाणी धरून राहतात. मग कागदाने अगदी कोरडे पुसायचे. ओलं मांस जाळीवर भाजत नाही, वाफवतं. कडेच्या चरबीला दोन-तीन ठिकाणी चिरा दे, नाहीतर ती आक्रसते आणि चॉप वाटीसारखा वाकतो.

आता आच. मामाच्या वावरातले रोडगे, ते कणकेचे जाड गोळे, आठवतात का, ज्यांची राख बघून तू नाक मुरडायचीस? गोवऱ्यांचा जाळ आहे तोवर कोणी रोडगा टाकत नाही. धूर सरून इंगळावर पांढरी राख धरली की शेकायला घेतात, आणि शेवटी त्याच गरम राखेत पुरून ठेवतात. घाई केली की वरून कोळसा, आत कच्ची कणीक. दीड इंचाच्या चॉपचंही तेच. कोळसे पांढरे झाले की सगळे एका बाजूला ओढ, दुसरी बाजू रिकामी ठेव. जाळीच्या वर चार बोटं हात धरून दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच बरोबर आहे. शेंगदाण्याचं तेल आणि मिरपूड एवढंच लावून प्रत्येक बाजू 2-3 मिनिटं कोळशावर भाज. चरबी ठिबकून भडका उडाला तर पाणी मारू नकोस, राख उडून मांसावर बसते. चॉप नुसता बाजूला सरकव.

रिकाम्या बाजूला नेल्यावरच वाटण. धणे 2 चमचे, सुकं खोबरं 2 चमचे, खसखस 1 चमचा, 3 लवंगा, दगडफुलाच्या दोन पाकळ्या, 3 सुक्या मिरच्या (भिवापुरी मिळाल्या तर उत्तम, इथे कुठल्या मिळणार!), सगळं वेगवेगळं भाजून 6 लसूण पाकळ्यांसोबत घट्ट वाट. हे आधीच चोपडलं तर खोबरं आणि लसूण करपून कडू होतात. इथली चार माणसं इथेच चुकतात. जवसाचं तेल वापरू नकोस, ते चटणीवर कच्चंच घ्यायचं. आता झाकण ठेव. 6 ते 8 मिनिटांनी थर्मामीटर कडेने मधोमध खुपस, हाडाला टेकवू नकोस. 60 अंश सेल्सिअसवर उतरव, 5 मिनिटं उघडंच राहू दे; आकडा आपोआप 63 वर जातो. अमेरिकेत 2011पर्यंत 71 अंशांपर्यंत शिजवायला सांगत, म्हणून जुन्या पुस्तकांतले चॉप कोरडे. आतून किंचित गुलाबी दिसलं तर घाबरू नकोस.

हा 63चा हिशोब मात्र गावाला नेऊ नकोस. तिथली डुकरं उकिरड्यावर, हागणदारीत मोकळी फिरतात आणि त्यांच्या मांसात पट्टकृमी या जंताच्या गाठी असू शकतात. ते मांस पूर्ण शिजलंच पाहिजे. तेव्हा गावाची शिसारी अगदीच बिनबुडाची नाही. पण हे कारण पुढे करून मी सुटतोय, हेही कळतं. कोणाच्या घरी काय शिजतं यावरून कोणाला ओट्यावर बसवायचं आणि कोणाला अंगणात, हे आमच्याकडे ठरत असे. त्याचा जंताशी काही संबंध नव्हता. बकरा सगळ्यांचा आणि डुक्कर त्यांचं, एवढंच आम्ही शिकलो. कोणी समजावून सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

वाटणाचं म्हणशील, तर ते मोठ्या मायचं तसं मटणाचंच. तिला चाललं असतं का, मला नाही वाटत. तू तसं करच, असं माझं म्हणणं नाही. नुसत्या मीठ-मिरपुडीवरही चॉप छान लागतो.

आजीने तुला विचारलं तर काय सांगायचं ते तू ठरव. मी अजून चिकनच म्हणतो.

बाबा