मिनिमल ऐकायचं-बघायचं आसंल तर

हे बघ भावा, मिनिमलिझम (कमीत कमी गोष्टींतून गाणं-चित्र उभं करायची पद्धत) म्हंजे नुसतं कमी सूर न् रिकामी भिंत आसं धरून बसू नको. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं १९६७ चं 'पियानो फेज' हेडफोन लावून पूर्ण ऐक, सुरवातीला दोघं पियानोवाले तीच १२ सुरांची ओळ वाजवत ऱ्हातात अन् एकजण हळूच वेग वाढवून पुढं सरकतो, मग मधीच अशा चाली ऐकू येतात ज्या दोघांपैकी कुणीच एकटा वाजवत नसतो! अमेरिकन चित्रकार सॉल लेविटची भिंतीवरची चित्रं बी तशीच, नियम त्यानं ठरवायचा, रेघा बऱ्याचदा दुसऱ्यांनी मारायच्या. आपल्याकडची चित्रकार नसरीन मोहम्मदीच्या रेघा मला त्याहून जास्त भिडतात. संभाजीनगरात हिमरूचा (रेशीम-सुताच्या नक्षीदार कापडाचा) माग चालू दिसला तर थांबून बघ, नक्षी परत-परत येताना डोळ्याला सवय लागती. आन् एका दिवशी एकच पीस ऐक, मोबाईल लांब ठेवून.