वडील आजारी असताना डाळ मिल सहा महिने बाहेरच्या माणसाकडे सोपवावी का?

तुमच्या वडिलांना पक्षाघात झालाय, लातूरची मिल बंद पडू द्यायची नाही आणि पुण्याची नोकरी तुम्हाला लगेच सोडता येत नाही. म्हणून सहा महिन्यांसाठी हंगामी व्यवस्थापक नेमावा का, असं विचारलंत. जरूर नेमा. पण अधिकार देणार नसाल तर नेमू नका.

मी वाळूज एमआयडीसीत बरीच वर्षं प्लांट सांभाळला, नंतर दोन कारखान्यांत असाच ठरावीक मुदतीसाठी बसलो. पहिल्या ठिकाणी मालक दवाखान्यात होते. "सगळं तुम्हीच बघा," एवढंच तोंडी सांगणं. तिसऱ्या आठवड्यात स्टोअरची मागणीची चिठ्ठी हातात आली. वर माझ्या सहीने २० नग, खाली मालकांच्या भावाच्या सहीने ४०. स्टोअरवाला संध्याकाळी घरी विचारून आला होता. त्याचं तरी काय चुकलं? त्यानंतर माझा शब्द कुणीच शेवटचा मानला नाही. दोन महिन्यांत मी निघालो.

दुसऱ्या ठिकाणी आधी कागद केला. किती रकमेपर्यंतची खरेदी माझ्या सहीने, उधारी कुणी मंजूर करायची, माणूस कमी करायचा तर कुणाला विचारायचं, आणि माझा शेवटचा दिवस कोणता. मालकांच्या मुलाने तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. शेवटची तारीख कळली की जुन्या मुनीमजींचीही धास्ती जाते.

आतल्याच माणसाला बसवता येत असेल तर उत्तमच. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रमुख विशाल सिक्का राजीनामा देऊन गेले तेव्हा इन्फोसिसने प्रवीण राव यांना हंगामी प्रमुख केलं. ते १९८६ पासून तिथेच होते. जानेवारी २०१८ मध्ये नवे प्रमुख सलील पारेख येईपर्यंत त्यांनीच गाडा ओढला. तुमच्याकडे तुरीचा दाणा दाताखाली फोडून ओल सांगणारा माणूस असेलच. खरेदी त्याच्याकडेच राहू द्या, आडतीतल्या सौद्यात नवख्याला घालू नका. बाहेरच्याने वसुली, पगार, मशीनची दुरुस्ती आणि रोजचा हिशेब बघावा.

बँकेचं मात्र याच आठवड्यात उरका. मिल वडिलांच्या एकट्याच्या नावावर असेल तर मुखत्यारपत्र तुमच्या नावे करून घ्या, हंगामी माणसाच्या नावे मुळीच नको. वडिलांना समजतंय तोवरच ते करता येतं. सही जमत नसेल तर साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. जीएसटीच्या पोर्टलवरही सही करणारा म्हणून तुमचं नाव घाला.

आणि वडिलांना बाजूला टाकू नका. मिलमधल्या कुणी घरी येऊन हुकूम न्यायचा नाही, पण हंगामी माणसाने रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ अर्धा तास बसावं. दुसऱ्या कारखान्याच्या मालकांची वाचा गेली होती. मी वही धरायचो, ते आकड्यांवरून बोट फिरवायचे. एका संध्याकाळी बोट एका जागी थांबलं ते हलेना. भंगाराच्या वजनात शून्य जास्त पडलं होतं.